अपग्रेड अर्धवट राहिलेले लिनक्स पुन्हा उभे करताना

अपग्रेड चालू असताना वीज जाते, लॅपटॉपची बॅटरी संपते किंवा डिस्क भरते. पुन्हा संगणक सुरू केला की काळा पडदा, इंग्रजीतल्या दोन-चार ओळी आणि लुकलुकणारा कर्सर. अशा वेळी ओळखीतला जाणकार बहुधा एकच सल्ला देतो: फॉरमॅट मार आणि नव्याने टाक. हा सल्ला घाईचा आहे. अपग्रेड फसले म्हणजे तुमचे फोटो, हिशेब, प्रबंधाचा मसुदा गेला असे नव्हे. तुमच्या होम डिरेक्टरीतल्या कागदपत्रांना पॅकेज व्यवस्था हात लावत नाही. शिवाय काम कुठवर झाले आणि कुठे अडले, याची नोंद यंत्राने स्वतःच ठेवलेली असते. ती वाचायची आणि राहिलेले काम पुरे करायचे, एवढाच या दुरुस्तीचा गाभा आहे.

इथे मी डेबियन आणि तिच्या कुळातल्या वितरणांबद्दल लिहितो आहे: उबुंटू, लिनक्स मिंट, आणि आपल्याकडे सी-डॅकने डेबियनवरून घडवलेली बॉस लिनक्सही. फेडोरा किंवा आर्चच्या कमांड वेगळ्या, पण विचार तोच. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या.

अपग्रेड म्हणजे नेमके काय होते

इयन मर्डॉक यांनी 1993 मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला. त्याच्या पहिल्या वर्षांतच डीपीकेजी हे साधन तयार झाले आणि आजही सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. आपण रोज वापरतो ते ॲप्ट हे वरचे साधन. कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे, कोणती आवृत्ती कुठून उतरवायची, कोणत्या क्रमाने बसवायची, हे ॲप्ट ठरवते. प्रत्यक्ष फाइली डिस्कवर ठेवण्याचे काम मात्र डीपीकेजीच करते.

हे काम दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा उलगडण्याचा: पॅकेजमधल्या फाइली बाहेर काढून जागेवर ठेवायच्या. इथे डीपीकेजी बरीच काळजी घेते. नवी फाइल आधी ‘डीपीकेजी-न्यू’ असे शेपूट लावून शेजारी लिहिली जाते आणि पूर्ण लिहून झाल्यावरच तिचे नाव बदलून ती जुनीच्या जागी येते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी बहुतेक फाइली एकतर पूर्ण जुन्या असतात, नाहीतर पूर्ण नव्या. दुसरा टप्पा कॉन्फिगर करण्याचा. पॅकेजसोबत आलेली छोटी स्क्रिप्ट चालते. ती वापरकर्ते तयार करते, सेवा पुन्हा सुरू करते, बूटची फाइल नव्याने बांधते. अपग्रेड बहुतेक वेळा या दुसऱ्या टप्प्यात अडते, कारण इथे बाकीच्या यंत्रणेशी संबंध येतो.

प्रत्येक पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे हे ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असते. सातबाऱ्याला जमिनीच्या व्यवहारात जे महत्त्व, तेच या फाइलीला इथे. जमीन जागच्या जागी असते, पण उताऱ्यावर नोंद चुकली की पुढचा प्रत्येक व्यवहार अडतो. फसलेल्या अपग्रेडमध्ये असेच होते: फाइली डिस्कवर आलेल्या असतात, पण नोंद ‘उलगडले, कॉन्फिगर झाले नाही’ अशी राहते आणि ॲप्ट पुढचे काहीच करायला तयार होत नाही. हा हट्टीपणा नाही. अर्धवट पायावर पुढचा मजला चढवायचा नाही, हा नियम तुमच्या भल्यासाठीच आहे.

आधी पाहणे, मग हात लावणे

संगणक निदान टर्मिनलपर्यंत पोचत असेल तर अर्धी लढाई जिंकलेली आहे. चित्रमय पडदा येत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकदम दाबून पाहा. बरेचदा मजकुरी लॉगिन मिळते.

पहिली कमांड दुरुस्तीची नसावी. ‘डीएफ -एच’ देऊन डिस्कवर जागा किती उरली ते पाहा. रूट किंवा ‘/बूट’ 100 टक्के भरलेले असेल तर कारण तिथेच सापडले, आणि जागा केल्याशिवाय पुढची कोणतीही कमांड पुन्हा त्याच जागी आपटेल. मग ‘/व्हार/लॉग/ॲप्ट’ या डिरेक्टरीत जा. तिथली ‘हिस्टरी.लॉग’ ही फाइल कोणत्या वेळी कोणती पॅकेजे बदलली ते सांगते आणि ‘टर्म.लॉग’मध्ये तेव्हा पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा असतो. खिडकी बंद झाल्यामुळे जी चूक तुम्हाला वाचता आली नाही, ती इथे मिळते. वाचताना शेवटच्या ओळीवर थांबू नका. ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोधा; नंतरच्या वीसेक तक्रारी बहुधा त्या एकीच्याच पोटातून आलेल्या असतात.

शेवटी ‘डीपीकेजी --ऑडिट’. कोणती पॅकेजे अर्धवट आहेत, त्याची यादी ही कमांड देते आणि काहीही बदलत नाही. यादीत एकच नाव असेल तर काम सोपे. ऐंशी नावे असतील तरी घाबरू नये, कारण त्यातली बहुतेक फक्त आपल्या पाळीची वाट पाहत असतात.

कुलूप तोडू नका

दुरुस्ती सुरू करताच अनेकांना ‘लॉक मिळाले नाही’ असा संदेश भेटतो. यावर ‘लॉक फाइल पुसून टाका’ हा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका. ती फाइल असणे म्हणजे कुलूप लागलेले असणे नव्हे. कुलूप कर्नल सांभाळतो, आणि ज्या प्रक्रियेने ते लावले ती संपली की तेही आपोआप सुटते. तेव्हा संदेश येतो आहे याचा अर्थ कोणीतरी खरोखर काम करते आहे. बहुधा ते पार्श्वभूमीत सुरक्षा दुरुस्त्या बसवणारे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ असते. नव्या आवृत्त्यांत संदेशातच त्या प्रक्रियेचे नाव आणि क्रमांक येतो. दहा-पंधरा मिनिटे थांबा. फाइल पुसली तर दोन प्रक्रिया एकाच वेळी तीच नोंदवही लिहू लागतील, आणि साधे दुखणे खरोखर गंभीर होईल.

राहिलेले काम पुरे करणे

आता दोन कमांड. पहिली ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. उलगडून ठेवलेली पण कॉन्फिगर न झालेली सगळी पॅकेजे ती योग्य क्रमाने हाती घेते. दुसरी ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. अवलंबनांची साखळी जिथे तुटली असेल तिथे हवी ती पॅकेजे ती उतरवते किंवा अडथळा ठरणारी काढायला सुचवते. वीज गेल्याने किंवा दूरच्या सर्व्हरशी संपर्क तुटल्याने अडलेली बरीच अपग्रेड या दोन कमांडींनीच मार्गी लागतात.

दुसरी कमांड बदल करण्याआधी ‘होय की नाही’ असा प्रश्न विचारते. त्या प्रश्नाच्या वर ‘काढली जातील’ अशी पॅकेजांची यादी असते. ती अक्षर न अक्षर वाचा. नोव्हेंबर 2021 मध्ये लायनस सबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम बसवताना ही यादी ओलांडली. पॅकेजांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या, म्हणून ॲप्टने संपूर्ण डेस्कटॉपच काढण्याचा प्रस्ताव ठेवला होता आणि खात्रीसाठी ‘येस, डू ॲज आय से!’ असे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितले होते. त्याने ते केले आणि डेस्कटॉप गेला. त्यानंतर लवकरच ॲप्टच्या कर्त्यांनी ते वाक्य विचारणेच बंद केले. अत्यावश्यक पॅकेज निघणार असेल तर ॲप्ट आता थेट नकार देते. मला हा बदल योग्य वाटतो. पण ‘अत्यावश्यक’ यादीत नसलेले बरेच काही तुमच्यासाठी अत्यावश्यक असू शकते, म्हणून वाचण्याची जबाबदारी आपलीच.

दोन्ही कमांडी एकाच पॅकेजवर अडत असतील तर त्या एकाकडेच पाहा. स्क्रिप्ट नापास होण्याची कारणे फार थोडी आहेत. कधी सेवा सुरू होत नाही, कारण तुमच्या जुन्या कॉन्फिगरेशन फाइलीतली एखादी ओळ नव्या आवृत्तीला चालत नाही. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ आणि पुढे सेवेचे नाव दिले की ती ओळ बहुधा दिसते. कधी कोणी हौसेने यंत्रणेचा मूळ पायथन बदलून दुसऱ्या आवृत्तीकडे वळवलेला असतो आणि पायथनवर चालणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट कोसळतात; तो दुवा मूळ जागी आणला की झाले. कधी बाहेरच्या पीपीए भांडारातून घेतलेल्या पॅकेजमध्ये आणि नव्या पॅकेजमध्ये एकच फाइल असते, आणि डीपीकेजी ‘दुसऱ्याच्या फाइलीवर लिहिणार नाही’ म्हणते. अशा वेळी ते बाहेरचे पॅकेज काढणे हा स्वच्छ मार्ग. सक्तीने लिहायला लावणारे ‘--फोर्स-ओव्हरराइट’ वापरावे, पण फक्त त्या एका पॅकेजपुरते आणि दोन्हींत काय आहे ते पाहूनच.

वीज गेल्यावर कधी कधी एखाद्या पॅकेजच्या फाइलींची यादी किंवा खुद्द स्टेटस फाइलच रिकामी किंवा कचऱ्याने भरलेली सापडते. स्टेटस फाइलची आधीची प्रत शेजारीच ‘स्टेटस-ओल्ड’ नावाने असते आणि ‘/व्हार/बॅकअप्स’मध्ये मागच्या काही दिवसांच्या प्रती असतात. खराब फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून त्यातली सर्वांत ताजी चांगली प्रत जागेवर आणायची, मग ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ने प्रत्यक्ष फाइली तपासायच्या आणि ज्या पॅकेजच्या फाइली बिघडल्या असतील ते ‘ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवायचे.

बूटच होत नसेल तर

बाकी पॅकेजांत नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. कर्नलचे तसे नाही. कर्नलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्ती असते, त्यामुळे नवा कर्नल जुन्याच्या शेजारी बसतो आणि काल चालत होता तो आजही डिस्कवर असतो. संगणक सुरू होताना, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा किंवा यूईएफआयवर एस्केप दाबा, म्हणजे ग्रब या बूटलोडरचा मेनू येतो. एस्केप जास्त वेळा दाबले तर ‘ग्रब’ एवढाच शब्द लिहिलेली कोरी ओळ दिसते. तिथे ‘रीबूट’ टाइप करून पुन्हा प्रयत्न करा. मेनूतल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. नवा कर्नल किंवा त्याच्यासाठी नव्याने बांधायचा ग्राफिक्स ड्रायव्हर हे कारण असेल, तर संगणक नेहमीसारखा उघडतो आणि पुढची दुरुस्ती निवांत करता येते.

उबुंटूत त्याच ठिकाणी ‘रिकव्हरी मोड’ही असतो. त्याच्या मेनूत जागा मोकळी करणे, अर्धवट पॅकेजे दुरुस्त करणे, डिस्क तपासणे आणि रूटचा टर्मिनल असे पर्याय मिळतात. टर्मिनल घेतलात आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली निघाली, तर ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ दिल्याशिवाय काही बदलता येणार नाही.

‘रूट फाइलसिस्टिम जोडता आली नाही’ असे म्हणून कर्नल पॅनिक झाला, तर बहुधा इनिटरॅमएफएस ही फाइल बनलेली नसते किंवा अर्धी बनलेली असते. कर्नलला मूळ डिस्कपर्यंत पोचवणारे ड्रायव्हर आणि स्क्रिप्ट या फाइलीत बांधलेले असतात. ती अर्धी राहण्याचे नेहमीचे कारण म्हणजे भरलेले ‘/बूट’. स्थापनेच्या वेळी डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर ‘/बूट’ वेगळ्या, लहान विभाजनावर असते आणि जुने कर्नल साठत गेले की तिथली जागा संपते. साध्या स्थितीत ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ जुने कर्नल काढते. पण पॅकेजे अर्धवट असली की ॲप्ट तेही करत नाही, आणि माणूस कात्रीत सापडतो. यातून सुटका अशी: ‘यूनेम -आर’ने सध्या चालू असलेला कर्नल ओळखा, त्याला अजिबात हात न लावता सर्वांत जुन्या कर्नलची ‘इनिटआरडी’ने सुरू होणारी फाइल ‘/बूट’मधून उचलून तात्पुरती होम डिरेक्टरीत ठेवा, आणि मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्या. जागा मिळताच अडलेले काम पुरे होते. त्यानंतर जुना कर्नल ॲप्टने रीतसर काढायचा.

बाहेरून आत शिरणे

ग्रबच उठत नसेल किंवा कोणताच कर्नल चालत नसेल, तर पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने संगणक सुरू करून आपल्या डिस्कवरच्या यंत्रणेत बाहेरून शिरायचे. ही पद्धत मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. ती एकदा अंगवळणी पडली की ‘आता काही होऊ शकत नाही’ ही स्थिती फार क्वचित उरते.

शक्यतो त्याच वितरणाची, त्याच आवृत्तीची लाइव्ह प्रत घ्या आणि मूळ यंत्रणा यूईएफआय पद्धतीने बसवलेली असेल तर पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू करा. ‘एलएसबीएलके -एफ’ देऊन रूट विभाजन कोणते ते ओळखा. डिस्क कूटबद्ध असेल तर आधी ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने ती उघडा आणि उघडताना तेच नाव द्या जे तिच्या ‘/ईटीसी/क्रिप्टटॅब’ या फाइलीत लिहिलेले आहे. नाव वेगळे पडले तर नवी इनिटरॅमएफएस चुकीची बनते. मग रूट विभाजन ‘/एमएनटी’वर जोडा, ‘/बूट’ वेगळे असेल तर ते ‘/एमएनटी/बूट’वर, आणि यूईएफआय असेल तर ईएफआय विभाजन ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर.

आता चालू कर्नलच्या चार डिरेक्टरी आत दिसल्या पाहिजेत: ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’. प्रत्येकीसाठी ‘सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह’ या धर्तीची कमांड द्या. ‘/रन’ विसरू नका. उबुंटूत नावांचे पत्ते शोधण्याची फाइल तिथे असते, आणि ती नसली की आत इंटरनेट चालत नाही. शेवटी ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’. या क्षणापासून तुमचा टर्मिनल आजारी यंत्रणेच्या आत आहे, पण खाली चालतो आहे तो पेन ड्राइव्हवरचा धडधाकट कर्नल.

आत गेल्यावर आधीचाच क्रम: जागा पाहा, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. नंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ने सगळ्या कर्नलांच्या बूट फाइली नव्याने बांधा आणि ‘अपडेट-ग्रब’ने मेनू. ‘एक्झिट’ म्हणून बाहेर या आणि रीबूट करा.

29 जुलै 2020 रोजी ग्रबमधली ‘बूटहोल’ ही सुरक्षेची फट जाहीर झाली आणि तिच्या दुरुस्तीची पॅकेजे घाईने बाहेर पडली. ती बसवल्यावर रेड हॅट आणि सेंटओएसची अनेक यंत्रे बूटच होईनात. डेबियन आणि उबुंटूच्या काही यंत्रांवर ‘ग्रब_कॅलॉक हे चिन्ह सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन काम थांबले. उबुंटूतले कारण साधे होते: ग्रबचा पहिला तुकडा एका डिस्कवर होता, अपग्रेडने मात्र तो दुसऱ्याच डिस्कवर लिहिला, आणि जुना तुकडा नव्या मॉड्यूलांशी जुळेना. उपाय वरचाच. लाइव्ह पेन ड्राइव्ह, सीएचरूट, आणि ज्या डिस्कवरून संगणक खरोखर सुरू होतो तिच्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’.

मागे जाणे

पॅकेज नीट बसले, पण नवी आवृत्तीच सदोष असेल तर? ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पॅकेजचे नाव दिले की उपलब्ध आवृत्त्या दिसतात. ‘ॲप्ट इन्स्टॉल’पुढे नाव, बरोबरचे चिन्ह आणि जुना आवृत्ती क्रमांक दिला की ती परत बसते. मग ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने ती धरून ठेवायची, आणि दुरुस्ती आल्यावर ‘अनहोल्ड’ करायला विसरायचे नाही, नाहीतर सुरक्षेचे बदलही अडतील. जुनी आवृत्ती भांडारात नसेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात सापडते. मात्र एक-दोन पॅकेजांपुरतेच हे करावे. संपूर्ण यंत्रणा मागच्या आवृत्तीवर नेणे डेबियनला मान्य नाही, कारण स्क्रिप्ट पुढे जाण्यासाठी लिहिलेल्या असतात. पूर्ण मागे जायचे तर अपग्रेडच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट लागतो: लिनक्स मिंटमध्ये त्यासाठी टाइमशिफ्ट असते, ओपनसुसेमध्ये बीटीआरएफएसवर चालणारे स्नॅपर.

नव्याने स्थापना करण्याची वेळ येते, नाही असे नाही. डिस्कच मरत असेल, किंवा कोणी रूट म्हणून अर्धी ‘/यूएसआर’ पुसली असेल, तर दुरुस्तीत दिवस घालवू नये. तेव्हाही आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून होम डिरेक्टरी, ‘/ईटीसी’ आणि ‘डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स’ची यादी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

पुढच्या अपग्रेडच्या आधी

ऑक्टोबर 2016 मध्ये फेडोरा 24 च्या वापरकर्त्यांना प्रकल्पातर्फे जाहीर सांगावे लागले होते की डेस्कटॉपमधल्या टर्मिनलमधून अपग्रेड करू नका. एका पॅकेजच्या बदलाने काही यंत्रांवर चित्रमय पडदाच कोसळत होता, आणि त्याच्याबरोबर त्यात चाललेले अपग्रेडही. म्हणून मोठे अपग्रेड नेहमी टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा. खिडकी गेली, संपर्क तुटला, तरी आतले काम चालू राहते. उबुंटूचे आवृत्ती बदलणारे साधन हे स्वतःच करते, आणि एसएसएचवरून चालवले तर आणीबाणीसाठी 1022 या पोर्टवर दुसरा दरवाजाही उघडून ठेवते. लॅपटॉपला चार्जर लावा. भारनियमनाच्या वेळा असलेल्या गावात डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर अपग्रेड रात्री उशिरावर ढकला.

आणि कृपया एक लाइव्ह पेन ड्राइव्ह याच आठवड्यात बनवून ठेवा. नुसता बनवू नका, त्यावरून तुमचा संगणक एकदा सुरू करून पाहा, ‘एलएसबीएलके’ने तुमचे रूट विभाजन ओळखा, आणि त्याचे नाव कागदावर लिहून तो कागद पेन ड्राइव्हसोबतच ठेवा.